शकुंतला कोणी करायची?

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा गळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. भाऊराव गेले, पोकळी पडली. बालगंधर्व आले, पोकळी भरली, असा त्याचा ठरलेला क्रम. या क्रमात नाटक मंडळी नावाची संस्था मात्र पडद्याआडच राहते. दारात आलेल्या नव्या मुलाला आत कसे घ्यायचे, आणि घेताना खेळाचा दर्जा कसा राखायचा, हा त्या संस्थेपुढचा सततचा प्रश्न होता. किर्लोस्कर मंडळीच्या निमित्ताने तो तपासून पाहावा, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेत पदे सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी आपापली भाषणे आयत्या वेळी, सुचतील तशी करायची. पुराणकथा ठाऊक असलेला, जिभेला धार असलेला माणूस अशा खेळात सहज सामावण्यासारखा होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि ही सोय संपली. संहिता बांधीव झाली, आणि ज्याचे पद त्यानेच गायचे असे ठरले. उंबरठा एकाएकी उंच झाला. त्यात स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या. म्हणजे रूप, गळा आणि वाणी ही तिन्ही एकाच देहात हवीत. अशी माणसे गावोगाव पडलेली नसतात.

त्या पहिल्या ‘शाकुंतला’त शकुंतला केली ती शंकरराव मुजुमदारांनी. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले, आणि शकुंतला त्यांच्याकडे गेली. मुजुमदार मात्र कोठे गेले नाहीत. ते मंडळीतच राहिले आणि पुढे तिचे चालक झाले. नाट्येतिहासकार ही गोष्ट भाऊरावांच्या आगमनाच्या जल्लोषात एका वाक्यात उरकतात. आम्हांस ती फार मोलाची वाटते. नव्याला जागा देण्यासाठी जुन्याला बाहेर काढावे लागले नाही, आणि जुन्याचा मान राखण्यासाठी नव्याला विंगेत ताटकळत ठेवावे लागले नाही. ‘मंडळी’ हा शब्द मराठीत घरच्या माणसांनाही लावतात. येथे तो त्या अर्थाने खरा ठरला.

अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले. त्यानंतर नटांना घडविणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव गोविंद बल्लाळ देवलांचे. देवल हे बेळगावात अण्णासाहेबांचेच विद्यार्थी. गणपतराव बोडस त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि बालगंधर्वही. आपण ‘शारदा’कार म्हणून देवलांना अभ्यासक्रमात वाचतो, तालीममास्तर देवल आपल्या वाचनात येत नाहीत, कारण तालमीची संहिता उरत नाही. परंतु दर्जा टिकला तो याच हस्तांतरामुळे. अण्णासाहेबांकडून देवलांकडे, देवलांकडून पुढच्या मुलांकडे असा तो जात राहिला. अमुक शब्दावर थांबायचे, तमुक शब्द गिळायचा नाही, असल्या गोष्टी माणसाकडून माणसाकडेच जातात.

या व्यवस्थेची दुसरी बाजू उजेडात आणली पाहिजे. स्त्रीभूमिकेसाठी घेतलेल्या मुलाची पात्रता निसर्ग केव्हाही काढून घेऊ शकत होता. भास्करबुवा बखले लहानपणी याच मंडळीत होते. ‘रामराज्यवियोगा’त त्यांनी कैकेयी केली. पुढे आवाज फुटला आणि नाटकातील त्यांची वाट बंद झाली. शंकररावांची भूमिका गेली तरी घर राहिले, भास्करबुवांचे तेही राहिले नाही. उंच उंबरठ्याचा भार असा प्रौढांपेक्षा पोरांवर अधिक पडला. बखल्यांनी पुढे उस्तादांचे दार गाठले आणि ते थोर गवई झाले, म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. ज्यांना असे दुसरे दार सापडले नाही, त्यांची नावे कोठेच नाहीत.

१९०१ मध्ये भाऊराव गेले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस मंडळीत आले आणि मिरजेस शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांच्या कानात दोष होता. त्याच्या उपचारांसाठी छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना मिरजेस धाडले होते. कानाने अधू असलेला मुलगा गायक नट म्हणून घेणे, हे कोणत्याही कडक चाळणीत बसणारे नव्हते. मंडळीने ते केले. दर्जा राखणे म्हणजे अर्ज फेटाळणे, अशी समजूत असणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे.

आणि तरीही ही मंडळी फुटली. १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर वारले, कारभार शंकररावांकडे एकवटला, आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. एकेकाळी आपली शकुंतला दुसऱ्याच्या हाती गेलेली पाहूनही ज्यांनी मंडळी सोडली नाही, त्याच शंकररावांच्या हाताखाली नव्यांना राहवले नाही. भूमिका सोडणे आणि सत्ता सोडणे यांत अंतर असते. किर्लोस्कर मंडळीने पुन्हा नवा गळा शोधला, दीनानाथ मंगेशकरांचा. १९१८ मध्ये तेही ‘बलवंत’ काढून बाहेर पडले.

इकडे गंधर्व मंडळीने १९१६ मध्ये खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आणले. रुक्मिणी बालगंधर्वांची. त्या पदांना चाली दिल्या आणि त्या त्यांच्या गळ्यात बसविल्या, त्या भास्करबुवा बखल्यांनी.