नवा वर्ग सुरू करण्यापूर्वी सर्वेक्षण आवश्यक

नागपूर, प्रतिनिधी

शिवणकाम, संगणक, योग किंवा इंग्रजी संभाषण, कोणत्याही विषयाचा वर्ग पुरेशा विद्यार्थ्यांअभावी बंद पडला की संचालकाची गुंतवणूक बुडते आणि आगाऊ शुल्क भरलेल्यांचे शिक्षण अर्धवट राहते. हे नुकसान टाळण्यासाठी विषय निश्चित करण्यापूर्वी सर्वेक्षण करणे हितावह ठरते.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे युनेस्कोच्या साहाय्याने श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. अभ्यासक्रम आधी ठरवून कामगारांना बोलावण्याऐवजी, त्यांच्या गरजा जाणून घेऊन अभ्यासक्रम आखणे, हे त्याचे सूत्र होते. पुढे देशभर विस्तारलेल्या या योजनेला २००० मध्ये 'जन शिक्षण संस्थान' हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये ती केंद्रीय कौशल्य विकास मंत्रालयाकडे सोपविण्यात आली.

कोणाला विचारावे?

केवळ विद्यमान विद्यार्थ्यांची मते पुरेशी नसतात. वर्ग मध्येच सोडलेले, चौकशी करून परत न आलेले आणि परिसरातील अन्य रहिवासी यांनाही विचारावे. नागपुरात प्रश्नावली मराठीसह हिंदीतही असावी. अन्यथा मोठा वर्ग वगळला जाण्याची शक्यता असते.

काय विचारावे?

'हा वर्ग सुरू झाल्यास याल का?' या प्रश्नाला बहुतेक जण सौजन्याने होकार देतात. त्याऐवजी गेल्या वर्षभरात काय शिकण्याचा प्रयत्न केला, किती शुल्क भरले, कोणत्या कारणाने सोडले, हे विचारावे. सोयीची वेळ स्वतंत्रपणे नोंदवावी. मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात दुपारच्या वर्गाला येणे कठीण असते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या पाळ्या आणि गृहिणींना मिळणारा मोकळा वेळ यांचाही विचार करावा लागतो. प्रश्न दहापेक्षा अधिक नसावेत. दूरध्वनी क्रमांक घेताना त्याचा उपयोग कशासाठी होणार, हे सांगून संमती घ्यावी.

निष्कर्ष कसा काढावा?

समजा, शिक्षकाचे मानधन १२ हजार आणि जागेचे भाडे ६ हजार रुपये आहे. दरमहा शुल्क दीड हजार ठेवल्यास केवळ खर्च भागविण्यासाठी १२ विद्यार्थी लागतात. सर्वेक्षणात ४० जणांनी रस दाखविला, तरी ते सारे प्रवेश घेतीलच असे नाही. त्यामुळे अल्प रक्कम घेऊन आगाऊ नोंदणी करावी आणि किमान संख्या न झाल्यास ती पूर्ण परत करण्याचे लेखी आश्वासन द्यावे. ही नोंदणी तोंडी होकारापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

पुरेशी नोंदणी न झाल्यास वर्ग सुरू न करणे, हेही सर्वेक्षणाचे यशच मानावे. तो निर्णय माहिती देणाऱ्यांना कळविल्यास पुढच्या वेळी ते पुन्हा मनमोकळे उत्तर देतील.