पाच मतांचं अंतर

9 नोव्हेंबर 1960ची पहाट. तुम्ही हायानिस पोर्टला, रॉबर्ट केनेडींच्या घरात उभे आहात. फोन खणखणताहेत. संध्याकाळचा जोर ओसरलाय. ओहायो हातचं गेलंय, इलिनॉय लटकलंय. चारच्या सुमाराला त्यांचे भाऊ, उमेदवार जॉन ऊर्फ जॅक केनेडी झोपायला जातात. सकाळी उठतात तेव्हा घराला सिक्रेट सर्व्हिसचा पहारा बसलेला असतो. 43 वर्षांचा हा माणूस अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलाय, तोही जवळपास 6 कोटी 88 लाख मतांत सव्वा लाखाहूनही कमी फरकाने.

या निसटत्या विजयात कृष्णवर्णीय मतदारांचा वाटा फार मोठा आहे. ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात होते, तेव्हा केनेडींनी त्यांच्या पत्नी कोरेटा किंग यांना फोन केला होता. लोकांनी तो लक्षात ठेवला.

आता 31 जानेवारी 1961. वॉशिंग्टन, प्रतिनिधिगृहाची गच्च भरलेली गॅलरी. किमान वेतन, वृद्धांचा औषधोपचार, शाळांना मदत, केनेडींची सगळी आश्वासनं एका दारात अडकली आहेत: नियम समिती. तिथे व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ बसलेत, नागरी हक्कांचे कट्टर विरोधक. बारा जणांत सहा-सहा अशी कोंडी झाली की विधेयक सभागृहापुढे येतच नाही. सभापती सॅम रेबर्न 79 वर्षांचे. समितीत तीन सदस्य वाढवा, म्हणून ते स्वतः बोलायला खाली उतरतात.

एकेक नाव पुकारलं जातं. हो. नाही. हो. शेजारचा माणूस कागदावर रेघा ओढतोय. तुम्हीही नकळत मोजू लागता. केनेडींच्या पक्षाचे दक्षिणेतले कितीतरी सदस्य विरोधात जाताहेत, आणि 22 रिपब्लिकन मदतीला धावून येतात. 217 विरुद्ध 212. तिघं फिरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं.

किमान वेतन तासाला सव्वा डॉलरपर्यंत नेण्याचं त्याच वर्षी ठरतं. वृद्धांच्या उपचाराचं विधेयक मात्र 1962 मध्ये सिनेटमध्ये पडतं. घरांच्या बाबतीतला वर्णभेद लेखणीच्या एका फटक्यात मिटेल, असं केनेडी प्रचारात म्हणाले होते. पण तशा आदेशावर सही होईना, तेव्हा लोक व्हाइट हाउसला पेनं पाठवू लागले. मला ही माणसं निवडणुकीतल्या त्या विजयाची खरी धनी वाटतात: मत देऊन ती घरी बसली नाहीत. नोव्हेंबर 1962 मध्ये केनेडींनी त्या आदेशावर सही केली.