दंतरोपण द्रव्यांचे यांत्रिक बल

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ, म्हणजे इम्प्लांट, चावण्याचा भार न वाकता आणि न तुटता किती काळ पेलते, हा या नोंदीचा विषय. व्यवहारात तो एका आकड्यावर आणला जातो. अमुक धातू इतक्या मेगापास्कलचा, म्हणून तो उत्तम. प्रस्तुत नोंदीत ही समजूत अपुरी ठरवली आहे. तोंडात इम्प्लांट एका जोरकस घासाने सहसा तुटत नाही. तो लाखो लहान भारांनी शिणतो, आणि हा शीण द्रव्याइतकाच, कित्येकदा अधिक, व्यास, दाताची टोपी धरणारा आतला स्क्रू आणि भोवतालच्या हाडाची उंची यांवर ठरतो.

रायपूरच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तात्यापारा चौकातून जाणाऱ्या जीई रोडवरच, पश्चिमेला, आजचे एनआयटी आहे. 1956 मध्ये ते खनन व धातुकर्म महाविद्यालय म्हणून स्थापन झाले. त्याच रस्त्याने पुढे भिलाई लागते. तिथली पहिली झोतभट्टी 1959 ची, आणि तिथले रूळ देशभर जातात. रूळ एका गाडीच्या वजनाने मोडत नाही. चाकांच्या फेऱ्यांनी एखादी सूक्ष्म भेग वाढत जाते आणि एके दिवशी उरलेला छेद भार पेलू शकत नाही. इम्प्लांटच्या मानेतही हेच घडते, फरक एवढाच की छेद तीन-चार मिलिमीटरचा असतो.

टायटॅनियम : स्वीडनमध्ये ब्रेनेमार्क यांनी 1952 पासून केलेल्या निरीक्षणांत हाड टायटॅनियमला घट्ट धरते असे दिसले, आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला असा इम्प्लांट बसवला गेला. शुद्ध टायटॅनियमच्या चार श्रेणी आहेत. पहिलीचे किमान ताणबल 240 मेगापास्कल, चौथीचे 550. पुलाच्या साध्या पोलादाचे सुमारे 410 असते आणि ते वजनाला पावणेदोन पट भरते. ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेल्या मिश्रधातूचे किमान ताणबल 860 असते. मात्र कायमचे वाकणे जिथे सुरू होते ती मर्यादा पाहिली, तर चौथ्या श्रेणीची 483 आणि मिश्रधातूची 795, म्हणजे लाभ सुमारे 1.65 पट. आता द्रव्य तेच ठेवून भरीव दांड्याचा व्यास 3.3 वरून 4.1 मिलिमीटर केला, तर वाकवणाऱ्या भाराला होणारा विरोध व्यासाच्या घनाप्रमाणे वाढून जवळपास 1.9 पट होतो. आठ दशांश मिलिमीटरने मिश्रधातूपेक्षा अधिक काम केले! प्रत्यक्ष इम्प्लांट स्क्रूसाठी आतून पोकळ असतो, त्यामुळे हे गुणोत्तर तंतोतंत लागू पडत नाही. पण भिंत पातळ झाली की धोका वाढतो, कमी होत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की हाडाची कड अरुंद असेल तर रुंद इम्प्लांट बसवायचा कुठे? तिथे द्रव्याला महत्त्व येते हे मान्यच करावे लागते. 13 ते 17 टक्के झिर्कोनियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू याच गरजेतून आला. पण तो अरुंद जागेवरचा उपाय आहे. रुंद जागा उपलब्ध असताना त्याचा गाजावाजा करण्यात फारसा अर्थ नाही.

झिर्कोनिया : पांढरा रंग हे या सिरॅमिकचे आकर्षण. वाकवल्यावर भंगण्याचे बल 900 ते 1200 मेगापास्कल, म्हणून तो टायटॅनियमहून मजबूत असे सांगितले जाते. ही तुलना चुकीची आहे, कारण एक आकडा वाकवण्याच्या चाचणीतला आणि दुसरा ताणण्याच्या. शिवाय सिरॅमिकमध्ये भेग पडली की ती थांबवण्याची ताकद धातूच्या मानाने फार कमी असते. टायटॅनियम आधी वाकून इशारा देतो, झिर्कोनिया सरळ तुटतो. भेगेच्या टोकाशी स्फटिकरचना बदलून फुगते व भेग दाबते, ही त्याची खुबी खरी. परंतु ओलाव्यात हाच बदल भेगेवाचूनही हळूहळू होतो. याआधीचे ॲल्युमिनाचे इम्प्लांट ठिसूळपणामुळेच मागे पडले.

अन्य द्रव्ये : कोबाल्ट-क्रोम, काचकार्बन; आता वापरात नाहीत.

चाचणी : आयएसओ 14801 या मानकात इम्प्लांट 30 अंश कलता धरून भार वारंवार देतात, कोरड्यात 50 लाख, मिठाच्या पाण्यात 20 लाख वेळा. हाड 3 मिलिमीटर झिजले आहे असे यात गृहीत धरलेले असते, आणि हेच मानकाचे मर्म आहे. त्यामुळे भाराचा हात 8 वरून 11 मिलिमीटर होतो. वाकवणारा जोर एक-तृतीयांशाहून अधिक वाढतो. हाड टिकवणारी हिरडीची देखभाल ही यांत्रिक बाबही आहे, असे म्हणायला इथे आधार मिळतो. तुटण्याचे प्रमाण अल्प असल्याने ही चर्चा अनाठायी, असेही म्हटले जाते. परंतु तुटलेला इम्प्लांट जोडता येत नाही, तो हाडासकट कोरून काढावा लागतो. नैसर्गिक दाताभोवतीचा लवचिक बंध इथे नसतो, त्यामुळे जोर किती पडतोय याची जाणीवही मंदावते. झोपेत दात खाणारा किंवा अखंड सुपारी फोडणारा माणूस म्हणूनच या हिशेबात वेगळा धरावा लागतो.

रुग्णास सूचना : वरची टोपी हलू लागली की आतला स्क्रू सैल झाला असे समजून लगेच दाखवावे, त्या अवस्थेत चावणे म्हणजे शीण वाढवणे. इम्प्लांटचा व्यास, द्रव्य आणि लॉट क्रमांक असलेले कार्ड जपून ठेवावे. रायपुरात बसवलेल्या इम्प्लांटचा स्क्रू नागपूरच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात बदलायचा झाल्यास त्याच बनावटीचा लागतो.