विषयाबाहेरचा विषय

बी.ए.च्या मुलानं पर्यावरण कशाला शिकायचं आणि बी.एस्सी.च्या मुलीला भाषेचा पेपर कशासाठी, असा प्रश्न आमच्या सावद्यात हल्ली घरोघरी निघतो. 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. पहिल्याच वर्षी मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला विषय, भारतीय भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असं बरंच काही पुढ्यात येतं. पालक गोंधळतात. पण ही कल्पना काही कालपरवाची नव्हे.

1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं. त्याच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे होते. त्या काळी इंग्रजीबरोबर गणित, इतिहास आणि संस्कृत किंवा फारसीसारखी एखादी अभिजात भाषा, अशी चौफेर तयारी करावी लागे. उणीव एकच. 1860 नंतरच्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर गेल्या. मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी पुढं बराच खटाटोप केला. तेव्हा सर्वांनी काय शिकायचं, या प्रश्नामागं कोणाचं ज्ञान ज्ञान मानायचं हाही प्रश्न असतो.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन आयोगानं 1949 च्या अहवालात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण द्यावं, अशी शिफारस केली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि खानदेश त्याच्याकडे आला. 1990 साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. मी बी.ए. झालो तो साधारण हाच काळ. विषयाबाहेरचं म्हणून आमच्या वाट्याला आलं ते मुख्यतः सक्तीचं इंग्रजी.

1991 साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले, 2003 मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. हेतू उत्तम होता. पण आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात मी पाहिलं, मुलं बाजारातून तयार प्रकल्प आणत, वर नाव घालत आणि गुण घेत. शिकवायला माणूस तासिका तत्त्वावर, तोही दुसऱ्याच विषयाचा.

आणि हे कुठं चाललं होतं? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात! भूजलाच्या अतिउपशासाठी हा भाग सरकारी नोंदीत आहे. तापी जवळून वाहते, तरी ट्यूबवेल वर्षागणिक खोल जातात. ज्या मुलानं ओझोनच्या थरावर विकतचा प्रकल्प दिला, त्याच्याच बापानं त्या उन्हाळ्यात नवी बोअर घेतलेली असते.

त्याच मुलांना पावसाळ्याआधी आणि नंतर गावच्या दहा विहिरींची पातळी मोजायला लावा. गणिताची मुलगी आलेख काढील, इतिहासाचा मुलगा म्हाताऱ्यांना मोट कधी सुटली ते विचारील, भाषेची मुलं पाण्याचे अहिराणी आणि तावडी शब्द गोळा करतील. सामान्य शिक्षण म्हणतात ते हेच.

2018 पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेत, जातं, माणूस मात्र त्यांनी नीट पाहिला होता. त्या नावाखाली पदवी घेणाऱ्याला आपल्या विहिरीचं पाणी किती खोल गेलं, एवढं तरी सांगता यावं. म्हणून पालकहो, प्रवेशाच्या वेळी मुख्य विषय विचारता, तसं हेही विचारा: बाकीचे विषय शिकवणार कोण?