आडनाव वाचणारा संगणक

यंत्राला ना जात, ना धर्म; तेव्हा त्याचा निर्णय निःपक्षपातीच असणार, असे आपण सहज धरून चालतो. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधील प्रवेशांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

या महाविद्यालयाकडे दरवर्षी सुमारे २५०० अर्ज येत. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलाखतीपूर्वीच, नुसते कागद पाहून बाद होत. हे काम किचकट होते, शिवाय परीक्षकांपरीक्षकांत मतभेद पडत. म्हणून डॉ. जेफ्री फ्रँगलेन यांनी परीक्षकांच्या पद्धतीचा अभ्यास करून एक आज्ञावली रचली. तिचे निर्णय परीक्षकांच्या निर्णयांशी ९० ते ९५ टक्के जुळू लागले. १९८२ पासून पहिली चाळणी सर्वस्वी संगणकाकडे गेली.

खरी गोम या जुळण्यातच होती. परीक्षकांच्या सवयींबरोबर त्यांचे पूर्वग्रहही आज्ञावलीत उतरले होते. आडनाव व जन्मस्थान यांवरून अर्जदार युरोपीय वंशाचा आहे की नाही हे ठरे. नसल्यास त्याचे गुण घटत. स्त्री असल्यासही घटत, पण कमी.

ब्रिटनमध्ये लिंगभेदाला १९७५ च्या आणि वंशभेदाला १९७६ च्या कायद्याने मनाई होती. महाविद्यालयातीलच दोन अध्यापकांनी हा प्रकार वांशिक समानता आयोगापुढे नेला. आयोगाने १९८८ मध्ये महाविद्यालयाला दोषी ठरवले. दरवर्षी सुमारे ६० अर्जदारांची मुलाखत वंशामुळे वा लिंगामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला.

गंमत अशी, की लंडनच्या इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा येथे युरोपेतर विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिकच होते! माणसाच्या मनातला भेदभाव पुराव्यात सापडत नाही. येथे तो आकड्यांत लिहिलेला होता, म्हणून सापडला.

पुढे ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशा नऊ वैशिष्ट्यांना संरक्षण दिले. आपल्या राज्यघटनेचे १५ वे कलमही धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई करते. पण आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेत गुणांचे कोष्टक कोणी हाताने लिहीत नाही. जुन्या निर्णयांच्या नोंदींतून यंत्र ते स्वतःच शिकते, आणि ते लाखो संख्यांत विखुरलेले असते. जातीचा रकाना गाळला, तरी आडनाव, पिनकोड, शाळेचे माध्यम यांतून ती डोकावतेच. म्हणून रकाना गाळून थांबता येत नाही. कोणत्या गटातील किती पात्र अर्जदार नाकारले गेले, हे निकालानंतर मोजावे लागते. आणि त्या मोजणीसाठी तीच माहिती हाताशी लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. काही काल्पनिक अर्ज तयार करावेत, त्यांतील नाव व लिंग झाकावे, आणि उरलेल्या रकान्यांवरून अर्जदाराविषयी काय काय ओळखता येते, याची यादी मुलांना करायला सांगावी.