सातव्या मजल्यावरचे पाणी

जुनी उंच इमारत म्हटली की राहुरीकडील माणसाला प्रथम आठवतो तो नगरचा चांदबिबीचा महाल. अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस डोंगरमाथ्यावर उभी असलेली ही अष्टकोनी, तिमजली वास्तु वस्तुतः महाल नव्हेच. निजामशाहीतील वजीर सलाबतखान ह्याची ती कबर होय. चारशे वर्षांहून अधिक काळ वारापाऊस सोसून ती उभी आहे. तिचे एक कारण अगदी साधे आहे : दगड आणि चुना ह्यांखेरीज तीत फारसे काही नाही आणि दगडास आग लागत नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे नशीब तसे नव्हते. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी ह्या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. जुन्नरच्या जंगलातील सागवान, चिंचवडच्या खाणींतील दगड आणि जेजुरीच्या भागातील चुना असे साहित्य त्यास लागले. आरंभी बेताचाच असलेला हा वाडा पुढील पेशव्यांच्या कारकिर्दीत वाढत गेला, मजल्यावर मजला चढत गेला आणि अखेर तो सात मजली झाला. सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असे पुण्यात परंपरेने सांगतात. तळाशी दगड, वर विटा आणि त्यांच्या आत सागवानी खांब, तुळया, तक्तपोशी, नक्षीदार छते व जिने, अशी त्याची घडण होती. त्यात गालिचे व पडदे आणि रात्री तेलाच्या समया, हंड्या, झुंबरे. अशा घराला एक ठिणगी पुरेशी असते.

ह्या वाड्याला पाण्याची उणीव होती, असे मात्र कोणी समजू नये. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील बांधीव नळांतून पुण्यात आणले. शहरातील हौद त्या पाण्याने भरत आणि वाड्यातही ते खेळत असे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे तेथील हजारी कारंजे आजही लोक कौतुकाने पाहतात. डोंगराकडील उंचीवरून उतारावर वाहत आलेले ते पाणी स्वतःच्या जोराने कारंज्यातून उडे. परंतु सातव्या मजल्यावर चढण्याइतका जोर त्यात नव्हता, आणि ते तेथवर चढविणारे यंत्रही पुण्यात नव्हते. वरचा मजला पेटला तर घागरी, कळशा आणि भिस्त्याच्या पखाली हाच उपाय. आणि त्या नेण्याची वाट म्हणजे अरुंद, लाकडी जिना.

अग्नीची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट असते. तापलेली हवा आपोआप वर चढते. जिन्याची पोकळी तिला धुराड्यासारखी उपयोगी पडते आणि तक्तपोशीच्या फटींतून ज्वाळा वरच्या मजल्यात शिरतात. ज्या जिन्याने पाणी वर न्यावयाचे आणि माणसे खाली आणावयाची, तोच जिना आगीच्या ताब्यात प्रथम जातो. उंच जुन्या इमारतीचे सारे संकट ह्या एका गोष्टीत साठविलेले आहे. १७९१, १८०८, १८१२ आणि १८१३ ह्या वर्षी शनिवारवाड्यास आगी लागल्या आणि प्रत्येक वेळी काही भाग नष्ट झाला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाडा इंग्रजांच्या हाती आला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग मात्र अखेरची ठरली. ती कित्येक दिवस धुमसत होती. तटबंदी, नऊ बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आणि जोती एवढेच मागे राहिले. हजारी कारंज्याचा घाटही उरला. त्याच्या भोवतीचे घर उरले नाही.

काळाचा योग असा, की त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८२९ मध्ये, लंडनला ब्रेथवेट नावाच्या यंत्रकाराने वाफेवर चालणारा आगीचा बंब तयार केला. त्याच्या दीडशे वर्षे आधी, १६७२ च्या सुमारास, हॉलंडमध्ये यान व्हान दर हायडन ह्याने चामड्याची लांब नळी बंबास जोडून पाणी थेट आगीपर्यंत नेण्याची युक्ती काढलीच होती. पुढे अमेरिकेत पार्मली व ग्रिनेल ह्यांनी १८७४ ते १८८१ ह्या काळात छतालाच पाण्याचे नळ लावून आगीवर आपोआप तुषार सोडणारी योजना व्यवहारात आणली. ह्या तुषारयंत्राच्या तोंडाशी आज बहुधा काचेची लहानशी कुपी असते. सुमारे ६८ अंश उष्णता झाली की ती फुटते आणि पाणी सुटते. आगीच्या डोक्यावरची कुपी तेवढी फुटते, सर्व नळ एकदम सुटत नाहीत. त्यामुळे सारे घर भिजून जाईल ही जुन्या वास्तूंच्या मालकांना वाटणारी भीती बव्हंशी निराधार आहे.

साधने निघाली, तरी ती जुन्या घरांत पोचतातच असे नाही. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा हे दोन्ही वाडे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकांच्या वर्गणीने व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याचा सुरूच्या खांबांचा दर्शनी भाग आज पाहावयास मिळतो. बुधवारवाडा मात्र नकाशावरून पुसला गेला.

ही सर्व लाकडी वाड्यांची कहाणी झाली, सिमेंटच्या इमारतींस तिचे भय नाही, असे कोणास वाटेल. परंतु १९५५ मध्ये बांधलेल्या मुंबईच्या मंत्रालयाचा अनुभव निराळा आहे. २१ जून २०१२ रोजी तेथे चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसे दगावली आणि सरकारी कागदपत्रांची मोठी हानी झाली. लाकडी आडभिंती, खोटी छते, कागदांचे ढीग, आणि थोड्या दिव्यापंख्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या वास्तूत पुढे आलेली वातानुकूलन यंत्रे, ह्यांमुळे जुन्या कचेऱ्या आतून पुन्हा लाकडी वाड्याच होऊन बसतात. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट ह्या जुन्या इमारतीला २३ मार्च २०१० रोजी आग लागली तेव्हा ४३ माणसे मृत्युमुखी पडली. तिचे वरचे मजले मागाहून बेकायदा चढविलेले होते.

मग अशा इमारतींचे करावयाचे काय? पहिले काम, पाणी वर नेण्याचे. गच्चीवर टाकी, तळाशी पंप आणि दोहोंना जोडणारा उभा नळ. हा नळ दर्शनी भागाला धक्का न लावता मागील चौकाच्या भिंतीवरून नेता येतो. दुसरे काम, आगीची वाट अडविण्याचे. जिन्याच्या तोंडाशी आग थोपविणारी दारे बसवावीत, विजेच्या तारा ज्या पोकळीतून वर जातात तिला मजलोमजली बंद करावे, आणि उघड्या लाकडास उष्णता लागताच फुगून थर धरणारा रंग द्यावा. तिसरे काम, वेळीच इशारा मिळण्याचे. धुराची चाहूल घेणारी बिनतारी उपकरणे आता मिळतात. त्यांसाठी कोरीव भिंती फोडाव्या लागत नाहीत. चौथे आणि सर्वांत निकडीचे काम, माणसांना सुटकेचा दुसरा जिना देण्याचे. त्याच्या दारास कुलूप असेल, तर वरच्या तिन्ही कामांचा खर्च वाया गेला असे समजावे.

अशाने वास्तूचे जुनेपण बिघडते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पॅरिसच्या नोत्र दाम मंदिराच्या छताखालील लाकडी सांगाड्यात तुषारयंत्रे नव्हती. १५ एप्रिल २०१९ रोजी तो जळून गेला. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले, तेव्हा नव्या सांगाड्यात अत्यंत बारीक फवारा उडविणारी यंत्रे बसविलेली होती. थोड्या पाण्यात आग विझावी, हा त्यांचा हेतु. जपानात तर २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजी मंदिराच्या सभागृहास आग लागून प्राचीन भित्तिचित्रे काळवंडली, तेव्हा पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या घटनेची आठवण म्हणून दरवर्षी २६ जानेवारीस तेथे देशभर जुन्या मंदिरांत व वाड्यांत आग विझविण्याची कवायत होते.

महाराष्ट्रातही कायद्याची उणीव नाही. २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम इमारतीचा मालक किंवा भोगवटादार ह्याच्यावर जबाबदारी टाकतो : अग्निशमन यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून सुस्थितीत ठेवावयाची आणि ती चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचा. मंत्रालयास आग लागली तेव्हाही हा कायदा अस्तित्वात होता. तेव्हा खरा प्रश्न दाखल्याच्या कागदाचा नसून नळातील पाण्याचा आहे. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी असो वा मुंबईत, जुन्या इमारतीत राहणाऱ्या वा काम करणाऱ्या कुटुंबांनी वर्षातून दोनदा एवढेच करावे : वरच्या मजल्यावरील नळाची तोटी उघडून पाहावी आणि मागच्या जिन्याचे दार उघडते की नाही, ते तपासावे.