बॅगेत काय भरायचं? घाट उतरण्याआधीचा थोडा इतिहास

मार्च सरत आला की आमच्या बेंगळुरूत रस्त्याकडेची झाडं फुलांनी भरून जातात, मुलांच्या परीक्षा आटोपतात आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते : चार दिवस समुद्राकडे जाऊन यायचं का? मंगळुरू म्हणा, कारवार म्हणा, रात्री गाडीत बसलं की सकाळी किनारा. मग पलंगावर बॅग उघडी पडते आणि वाद सुरू होतो. काय घ्यायचं, किती घ्यायचं, आणि ‘हे कशाला?’

यंदा आमच्याकडे हा वाद रंगला तो एका तांब्यावरून. माळ्यावरची बॅग काढताना तिच्यामागून फिरकीचा तांब्या निघाला. पितळी, जड, झाकणाला आटे असलेला. मुलीने विचारलं, ‘ही बाटली एवढी जड का? आणि पाणी तर कुठेही मिळतं, मग घरून कशाला न्यायचे?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून आजचं हे बोलणं.

प्रवासाचं सामान भरताना माणूस दोन प्रश्नांची उत्तरं शोधत असतो. पहिला : तिथे हवा कशी असेल? दुसरा : वाटेत मला काय मिळेल? पहिल्याबद्दल आपण खूप बोलतो. दुसरा आज विसरायला झालाय. आपल्या सामानाचा इतिहास मात्र बराचसा त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

आधी हवेचं बघू, कारण बेंगळुरूकर तिथे हमखास फसतो. एप्रिलमध्ये बेंगळुरूचं कमाल तापमान साधारण ३३-३४ अंश असतं, आणि मंगळुरूचंही जवळपास तेवढंच. मोबाइलवर आकडा बघून आपण म्हणतो, अरे, हवा तर आपल्यासारखीच आहे! पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. इथली हवा कोरडी. घाम येतो आणि उडून जातो, संध्याकाळी वारा सुटतो. किनाऱ्यावर हवेतच पाणी भरलेलं, त्यामुळे घाम उडत नाही, अंग चिकचिकत राहतं आणि रात्रही फारशी निवत नाही. आपला मातीचा माठ हे बरोबर ओळखतो. त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. समुद्रकाठच्या दमट हवेत तोच माठ तेवढा गार पडत नाही. आपलं शरीरही एक माठच आहे. म्हणून जीन्स आणि जाड टी-शर्ट घरी ठेवा, सैल सुती कपडे घ्या आणि रोजचा एक जोड जास्तीचा धरा.

हवेचा अंदाज भल्याभल्यांचाही चुकलेला आहे. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीवर ते काळा सूट वापरत होते आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. पांढरे कपडे घालून उतरलेलं शोभून दिसेल, असं त्यांना वाटलं. आत्मकथेत ते सांगतात, उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि तसे कपडे घातलेले ते एकटेच होते. सामान, अगदी किल्ल्यांसकट, एका एजंट कंपनीच्या माणसाच्या हवाली केलेलं. दिवस शनिवारचा, दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी. म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही! लाजेने जीव अर्धा झाला, पण बाकी काही बिघडलं नाही.

त्याच्या पाच वर्षं आधी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अवघं अठरा. ४ जूनला, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या शब्दाचं वजन त्यांच्या सामानालाही होतं, कारण लुगडं हा त्या शब्दाचाच भाग होता. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत. मग त्यांनी वेश सोडला नाही, नेसण्याची पद्धत तेवढी बदलली आणि गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. १८८५ साली कॉलेजात काढलेल्या, जपानी आणि सीरियन विद्यार्थिनींबरोबरच्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या साडीतच दिसतात. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, आणि वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला.

हवेचा अंदाज चुकला तर असं होतं. कधी फजिती, कधी नेसण्याची रीत बदलावी लागते. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

रेल्वेच्या आधीचा काळ डोळ्यांसमोर आणा. १६३८ च्या सुमारास बेंगळुरू आदिलशाहीच्या हाती आलं आणि शहाजीराजांचं ठाणं इथे पडलं. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे काही काळ इथे राहिले. पुण्याहून बेंगळुरू आठशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वाटेवर जे लागेल ते आपणच न्यायचं, असा तो जमाना. मराठीत सामानाला किती शब्द आहेत बघा : गाठोडं, बोचकं, वळकटी, घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी पडशी, बैलावरची गोणी, खांद्यावरची कावड. प्रत्येक शब्दाला वाहणारा वेगळा. घाटावरून धान्य खाली आणि किनाऱ्यावरून मीठ वर, अशी ने-आण लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले.

आणि वाट नुसती लांब नव्हती, बेभरवशाची होती. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायकापोरं आणि यात्रेकरूंचा मोठा लोंढा होता. आपण ‘बुणगे’ म्हणून त्यांना नावं ठेवतो. सभासदाची बखर सांगते की शिवाजीमहाराजांनी लष्करात बायका नेण्यास मनाई केली होती. त्या शिस्तीपुढे हा लोंढा चूकच दिसतो. पण यात्रेकरूंच्या बाजूने बघा. एकट्याने काशी-प्रयाग गाठणं जिवावरचं काम, म्हणून त्यांनी फौजेची सोबत धरली. वाटेवर भरवसा नव्हता, म्हणून माणसंच दुसऱ्याचं ओझं झाली. १४ जानेवारी १७६१ ला त्याची किंमत सगळ्यांनी मोजली.

त्याच काळातल्या साध्या प्रवाशाचं सामान मात्र फार हुशारीचं होतं. घोंगडी घ्या. पावसात खोळ, रात्री अंथरूण-पांघरूण, दुपारी बसकण आणि बाजारात गाठोडं. एक वस्तू, पाच कामं. दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे ती सोवळ्याओवळ्याच्या हिशोबात प्रवासाला चालते. इथे जरा थांबू या. म्हणजे शिदोरीत नुसती भूक नव्हती, जातही होती. कोणाच्या हातचं खायचं नाही, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, हे नियम पाळत प्रवास करायचा, तर अन्न आणि पाणी घरूनच हवं. फिरकीचा तांब्या त्यातूनच घरोघर आला. पाणी सांडू नये म्हणून त्याला आटे होते, हे खरं. पण ते पाणी घरचंच असावं, हेही तितकंच खरं.

मग आगगाडी आली. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८६४ ला बेंगळुरू छावणीपर्यंत. आठवड्यांची वाट दिवसांवर आली, पण गाडीत अंथरूण नव्हतं आणि तिसऱ्या वर्गात तर धड बसायलाही जागा नसे. म्हणून पत्र्याची ट्रंक आणि कॅनव्हासचा होल्डॉल आला. आपल्या जुन्या वळकटीलाच पट्टे आणि कप्पे लागले. बेंगळुरूत १८८४ साली लोकर, सूत आणि रेशमाची मोठी गिरणी उभी राहिली. हीच पुढे बिन्नी मिल म्हणून गाजली. तिची ब्लँकेटं कित्येक होल्डॉलमध्ये गुंडाळली गेली. आणि कपडे शिवणारे? बेंगळुरूच्या जुन्या पेठेत नामदेव शिंपी आणि भावसार ही मराठी बोलणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिवणं, रंगवणं, छापणं हे त्यांचे परंपरेचे धंदे, आणि पेठेत त्यांची विठ्ठलमंदिरंही आहेत. गावाला जायचं म्हणजे आधी शिंप्याकडे जायचं, हे आमच्या शहरात खूप काळ मराठीतूनच चाललं.

आता ज्या प्रवासासाठी हे सगळं सांगायला घेतलं, तिकडे येतो. साल १९०१, उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याची काही मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. मुलांची तयारी बघा : विलायती कापडाचे नवे सदरे, भरजरी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. बरोबर भरपूर शिदोरी. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं म्हणून आनंद मावत नव्हता. त्यातला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा भीमराव.

मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही, कारण येत असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही न्यायला तयार नव्हते. शेवटी एकजण कबूल झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. वाटेत शिदोरी सोडली. अन्न होतं, पाणी नव्हतं. ओढ्यात चिखल आणि शेण. मध्यरात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. अन्न उशाशी तसंच ठेवून मुलं तहानलेली झोपली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवलंय. मी ते वाचतो तेव्हा दर वेळी त्या नव्या जोड्यांपाशी अडखळतो. त्या बॅगेत काय कमी होतं? कपडे उत्तम, अन्न पुरेसं, पैसे दुप्पट द्यायला तयार. कमी होतं ते बॅगेत मावण्यासारखं नव्हतंच. वाटेवरच्या माणसाने तहानलेल्या मुलाला पाणी द्यावं, हे घरून बांधून नेता येत नाही.

सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, अशाच उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कोकणात महाडला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यालं. ते तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, अंमल तेवढा राहिला होता. पाणी सार्वजनिक असेल तर ते घरून वाहावं लागत नाही. तुमची-माझी बॅग हलकी झाली त्याला चाकं कारण आहेत, नायलॉन कारण आहे, बेंगळुरूत बनणाऱ्या पाठपिशव्याही कारण आहेत. पण त्याहून मोठं कारण हे आहे.

अर्थात सामानाचं वजन नुसतं कमी झालं नाही, काही वेळा ते दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ म्हणायचं जाहीर केलं. नाव बदललं ते चांगलंच झालं. पण चाकांच्या बॅगेने ज्याचं काम गेलं, त्याच्या पोटाचा प्रश्न नावाने सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

तर मुलीला मी काय सांगितलं? पाणी कुठेही मिळतं, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण ते तुला सहज मिळतं, त्यासाठी कोणीतरी तहानलेलं झोपलं होतं.

आणि यादी? ती ही घ्या. सैल सुती कपडे, एक पंचा, एक छत्री. एप्रिलमध्ये किनाऱ्यावर एखादी वळवाची सर येऊ शकते, आणि नाही आली तर ऊन आहेच. पटकन वाळेल असा कपड्यांचा एक जोड. तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला एक फोन, कारण आकड्यांपेक्षा त्याला हवा जास्त कळते. आणि पाणी आपल्या गरजेपेक्षा थोडं जास्त.

तांब्या आम्ही नेतोय. जड आहे, पण गाडीत कोणी पाणी मागितलं तर ओतायला बरा पडतो.